टक्केबाईचा शिक्का

आधीच सांगून ठेवते, मला कोणी बिचारी म्हणायचं नाही. बाजारात बायका म्हणतात, बिचारी टक्केबाई, काय काय बघावं लागलं तिला. बघावं लागलं? अगं, मी केलं ते. बघायला तुम्ही होतात.

कथलाच्या खाणीच्या तपासणी-खोलीत मी बावीस वर्षं काढली. खोली म्हणजे चार भिंती, एक भट्टी, दगड कुटायचा लोखंडी खल, काचेच्या पेटीतला नाजूक तराजू आणि मागे नमुन्यांची कोठी. खाणीतून पोत्यांनी दगड यायचा. त्यातला मूठभर घ्यायचा, कुटून पीठ करायचं, मुशीत घालून भट्टीत ठेवायचं आणि निवल्यावर मुशीच्या तळाला जी कथलाची गोळी उरेल ती तोलायची. शंभरात किती ते कागदावर लिहायचं, वर शिक्का मारायचा. आमच्या खाणीत शंभरात दोन निघाले तरी साहेबलोक खूश असायचे. टक्के सांगणारी म्हणून मी टक्केबाई. खरं नाव पगारपत्रकात असेल कुठेतरी.

पुढे लढाई लागली. एका बाजूला सरकारवाले, दुसऱ्या बाजूला जंगलवाले. सुरुवातीला कशासाठी लढतोय ते दोघंही सांगायचे, चांगलं तासभर. दोन वर्षांत सांगायचं बंद झालं. कथील ज्याच्या ताब्यात त्याला सीमेपलीकडचा व्यापारी बंदुका द्यायचा, एवढंच उरलं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. चार वर्षांत खाण चार वेळा इकडची तिकडे झाली. शाळा जळली, दवाखाना जळला, माझ्या खोलीचं एक कौल कोणी फोडलं नाही. कारण व्यापारी पोतं बघायच्या आधी माझा कागद बघायचा. दोन्हीकडचे येऊन मला नमस्कार करायचे आणि बाहेर जाऊन एकमेकांची डोकी उडवायचे. मला वाटायचं, आपण बरे, आपलं काम बरं. बावळटपणा नुसता!

आता कामातली एक रीत सांगते, कारण सगळं तिथेच बिघडलं. दगड आला की आधी त्याचे दोन भाग करायचे. एक भाग तपासायचा. दुसरा कागदी पुडीत बांधून कोठीत वर्षभर ठेवायचा, उद्या कोणी भांडायला आलं तर पुन्हा तपासता यावा म्हणून. पुडीवर लिहायचं, दगड कुठला, आणला कोणी, टक्के किती. मी ही रीत हजारो वेळा केली असेल. डोळे मिटून करायचे.

माझी धाकटी बहीण ओढ्याकाठच्या गावात दिली होती, इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. तिची वेणी मी घातली, तिचं लग्न मी केलं, आणि त्या भानगडीत माझं राहून गेलं. राहिलं तर राहिलं. नवरा तिचा गवंडी, शब्दाला महाग पण सरळ माणूस. मुलगी एक, नऊ वर्षांची. एका जागी बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

एकदा धाकटी आली ती पदराच्या गाठीत काळपट दगड बांधून. लिंबाएवढा, पण हातात घेतला की मनगट खाली जायचं.

"भिंगरीला ओढ्यात सापडला," ती म्हणाली. "केवढा जड आहे बघ! ती म्हणते मावशीला दाखव. दाखवल्याशिवाय घरी येऊ नको म्हणाली, एवढी दांडगी झालीय."

मी हसले. हातात घेतल्या घेतल्या मला कळलं होतं. तेव्हाच उचलून विहिरीत टाकायला हवा होता. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बावीस वर्षं शंभरात दोन, शंभरात दीड बघून बघून डोळे विटले होते माझे. म्हटलं, एकदा बघू तरी. धाकटीला जेवायला वाढलं आणि दगड फोडला, कुटला, भट्टीत ठेवला.

शंभरात सत्तर.

सत्तर! या आकड्यासाठी जंगलवाल्यांनी अख्खा जिल्हा जाळला असता आणि सरकारवाल्यांनी राख चाळली असती. मी बाहेर आले आणि धाकटीला म्हटलं, "काही नाही गं, जुन्या भट्टीचा मळ आहे. असले आणखी सापडले तर फेकून द्या. आणि हे बघ, कोणी विचारलं तरी असा दगड आमच्या गावात कधी दिसला नाही, असं सांगायचं. नवऱ्यालाही सांग. शपथ घे माझी."

"मळाला एवढी शपथ कशाला?"

"घे म्हणते ना!"

तिने घेतली. माझ्यावर डोळे झाकून विश्वास होता पोरीचा. ती गेल्यावर मी कथलाची गोळी राखेत फेकली आणि नोंदवहीत अक्षर लिहिलं नाही. वाटलं, सुटलो.

पण दगड फोडतानाच त्याचे दोन भाग झाले होते. आणि दुसऱ्या भागाची पुडी मी बांधली होती. कधी बांधली, देव जाणे. डोकं घाबरलं होतं, हात आपलं काम करत राहिले. पुडीवर माझ्याच सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं: ओढ्याकाठ, धाकटी, सत्तर. ती कोठीत आपल्या जागी जाऊन बसली होती आणि मला पत्ता नव्हता.

दीड महिन्याने जंगलवाल्यांनी खाण पुन्हा घेतली. या वेळी त्यांचा म्होरक्या आमच्याच खाणीतला जुना मुकादम होता. अकरा वर्षं आमच्याकडे होता, घरून डबा आणायचा, भिंतीला टेकून खायचा. राहणारा पठारावरच्या गावचा. आत आला तो चपला बाहेर काढून.

"बाई, ओळखलंत का?"

"ओळखलं. बस."

"बसत नाही. वही बघितली तुमची. वहीत काय, कोणीही काहीही लिहील. पण तुम्ही अर्धा दगड ठेवता. मला माहीत आहे ना, अकरा वर्षं मीच पोती आणून टाकत होतो." आणि त्याने आपल्या माणसांना कोठी उपसायला लावली.

मी आरामात उभी होते, सांगते काय! कोठीत काही नाही अशी माझी खात्री होती. त्याने पुडी माझ्यासमोर धरली तेव्हा मला ते अक्षर ओळखायला क्षण लागला. मी म्हटलं, आकडा चुकलाय, सात आहे, शून्य चुकून पडलं.

"तुमचं शून्य कधी चुकत नाही, बाई," तो म्हणाला. अगदी आदराने म्हणाला, मेला.

तिसऱ्या दिवशी पहिली पोती आली. पोती घेऊन आलेला माणूस बोलका होता. ओढ्याकाठचं गाव घेरलं, म्हणाला. गावकऱ्यांना विचारलं, दगड कुठे सापडतो. एक गवंडी पुढे झाला आणि म्हणाला, असा दगड आमच्या गावात कधी दिसला नाही. मुकादमाने पुडी दाखवली, पुन्हा विचारलं. गवंडी पुन्हा तेच म्हणाला, शब्द न् शब्द तोच. पढवल्यासारखा. मग त्याला तिथेच गोळी घातली आणि उरलेल्यांना गावाच्या अलीकडचा, खाणीच्या बाजूचा डोंगर खणायला लावलं, बाया-पोरांसकट.

ते शब्द माझे होते. मी पढवले होते. मी त्या माणसाला पाणी दिलं आणि तो पेला परत देईपर्यंत उभी राहिले.

"आणि डोंगरात काही निघालं नाही तर?" मी विचारलं.

"मग काय, गाव रिकामं करायचं. मुकादमाचा हुकूम आहे. उगाच तोंडं कशाला मागे ठेवा?"

मी पोती तपासली. पहिलं, दुसरं, सहाही. मुशीच्या तळाला काळी राख, दुसरं काही नाही. मला समजायला हवं होतं. ओढ्यातला दगड म्हणजे पाहुणा, कुठल्या डोंगरातून कुठल्या पुरात वाहत आला कोणाला ठाऊक. डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणतात, इथे उंदीरही नव्हता. साधा भिंतीत घालायचा दगड. मी कागद घेतला आणि लिहिलं, शंभरात बत्तीस. शिक्का मारला. बावीस वर्षांतला माझा पहिला खोटा आकडा. डोंगरात कथील होतं तोवर माझी बहीण आणि भिंगरी जिवंत होत्या, इतका तो हिशेब सोपा होता.

मग रोज पोती आणि रोज आकडा. तीस, चौतीस, एकतीस. एकसारखे लिहिले तर संशय येईल म्हणून खालीवर करायचे. खोटं बोलायचं तर नेटकं बोलावं.

बारा दिवसांनी मुकादम आला तेव्हा मी म्हटलं, पोती वाढली, माझे खांदे भरून येतात, खलात दगड कुटायला माणूस दे. डोंगरावरून दे, इथले सगळे पळून गेले.

तो हसला. "किती?"

"दोन."

"एक. नाव सांगा."

आणि मी धाकटीचं नाव सांगितलं. विचार केला नाही. ही गोष्ट मी कोणापाशी बोलले नाही, आज बोलते. भिंगरीचं नाव घेता आलं असतं. नऊ वर्षांची पोर काय कुटणार, तो नाही म्हणाला असता, असं मी मनाला नंतर सांगितलं. नंतर! त्या क्षणी मला माझी बहीण हवी होती, जिची मी वेणी घातली ती. भाची मला आठवलीच नाही.

दोन माणसांनी तिला दंडाला धरून आणलं. पायात काही नव्हतं, बोटांची नखं गेली होती. मी मिठी मारायला गेले, तिने मला ढकललं.

"मला का बोलावलंस?" ती ओरडली. "तिला का नाही? ती तिथे एकटी आहे! ताई, ती एकटी आहे गं!"

"आणू. तिलाही आणू. जरा दम धर."

"तिचा बाप गेला. मी तिला मांडीवर घेऊन झोपवत होते. आज कोण झोपवणार? तू?"

मी तिच्या हाताला फडकं बांधलं. ती खलापाशी बसली आणि कुटायला लागली, कारण खोलीच्या दाराशी पहारा होता. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी मूस पालथी केली, राख झटकली आणि कागदावर लिहिलं, तेहतीस. ती वाचायला शिकली ती माझ्याचकडे.

"गोळी कुठे आहे?" तिने विचारलं.

मी पुढचं पोतं ओढलं.

"ताई, गोळी निघालीच नाही. मग तेहतीस कशाचे?"

मग मी तिला सगळं सांगितलं. सत्तर, मळ, शपथ, पुडी. तिचा नवरा कोणाचे शब्द बोलला तेही. सांगताना मी रडले. ती रडली नाही. तिने ती मूस उचलून तिचा तळ बोटाने पुसून बघितला.

"उद्याचा आकडा चाळीस लिही," ती म्हणाली. "आकडा वाढला की त्यांना जेवण जरा बरं मिळतं. भिंगरीच्या वाट्याला येईल."

मी चाळीस लिहिले. मग बेचाळीस. एक दिवस अठ्ठेचाळीस. आकडे चढत गेले आणि बाहेरून येणाऱ्या बातम्याही चढत गेल्या. सरकारवाल्यांना कळलंय. सरकारवाले तोफा आणताहेत. खाण घेतल्यावर थंड पडलेली लढाई पुन्हा पेटली, पुलापाशी एका दिवसात दोनशे माणसं पडली, आणि कशासाठी म्हणता? माझ्या शाईसाठी. मला ते कळत होतं. कळून मी रोज लिहीत होते. दोनशे परक्यांची आई मी नव्हते.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मुकादम आला, पुन्हा चपला बाहेर काढून. म्हणाला, "बाई, निघतो आम्ही. सरकारवाले पुलापलीकडे आलेत. डोंगर सोडतोय."

मी ठरवून ठेवलं होतं त्याप्रमाणे त्याच्या पाया पडले. म्हटलं, "मी खोटं लिहिलं. सगळं खोटं. त्या डोंगरात काही नाही, एक कणसुद्धा नाही. मला हवी ती शिक्षा दे, पण त्या माणसांना सोड. त्यांच्याकडे काही नव्हतंच कधी."

त्याने मला दंडाला धरून उठवलं. "उठा हो. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अकरा वर्षं मुकादम होतो मी. पहिल्या आठवड्यातच थाळीत पाण्याने धुऊन बघितला दगड. माती आहे नुसती."

"मग खणायला का लावलंस त्यांना?"

"खणताना कोणी दिसलं नाही तर कागदावर विश्वास कोण ठेवील? व्यापाऱ्याची माणसं दुर्बिणीतून बघून गेली ना. तुमच्या कागदांवर दोन गाड्या बंदुका आल्या, बाई. पोतं एकही न देता! खाणीने दहा वर्षांत दिलं नाही ते तुम्ही महिन्यात दिलंत." त्याला खरंच कौतुक वाटत होतं. "उद्या सरकारवाले येतील, तेही खणतील. खणू देत."

धाकटी खलापासून उठली. "माझी मुलगी?" ती म्हणाली. "डोंगरावरच्या माणसांचं काय?"

तो तिच्याकडे न बघता चपला घालायला वाकला. "मागे ठेवून कसं चालेल? डोंगरात काही नाही हे त्यांनाही माहीत आहे. बोलतील. मग कागदांची किंमत काय राहिली?"

धाकटीने त्याचे पाय धरले. एक पोर, म्हणाली, एकच पोर आहे, नऊ वर्षांची, ती काय बोलणार, मी तिची जीभ धरून ठेवीन. मी म्हटलं, बाबा रे, मी तुझ्याबरोबर येते, जन्मभर तुला आकडे लिहून देते, ती पोर आणून दे. तो खरंच जरा थांबला. मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

"हुकूम घेऊन गाडी सकाळीच वर गेली," तो म्हणाला. "आता निरोप पोचायचा नाही." आणि बहिणीच्या हातांतून पाय सोडवून घेऊन तो गेला.

दुपारी डोंगराकडून आवाज आला. फार वेळ नाही आला. धाकटी धावत सुटली, तिला पहारेकऱ्यांनी नाक्यावरून परत आणून टाकलं. दुसऱ्या दिवशी ते निघून गेल्यावर आम्ही दोघी वर गेलो. त्याबद्दल मी सांगणार नाही. भिंगरी सापडली, एवढं पुरे. तिला तिच्या आईनेच पुरलं, मला मातीला हात लावू दिला नाही.

चौथ्या दिवशी सरकारवाले आले. त्यांचा साहेब तरुण होता, हाताला पट्टी, डोळे लाल. त्याने टेबलावर पोतं ओतलं. मी तपासलं आणि या वेळी खरं सांगितलं. शून्य.

"शून्य?" त्याने खिशातून कागदांची चळत काढली. माझेच कागद, व्यापाऱ्यापर्यंत पोचलेले, कुठूनतरी परत आलेले. "अठ्ठेचाळीस हे काय आहे? आणि डोंगरावर सापडलेली ही पुडी? हिच्यात तर खरा दगड आहे! तीनशे माणसं मेली माझी त्या डोंगरापायी. हा दगड कुठला आहे? नीट सांग, नाहीतर हीच भट्टी आहे."

मी सांगणार होते. देवाशपथ, मी तोंड उघडलं होतं. म्हणणार होते, ओढ्यातला दगड आहे साहेब, वाहत आलेला, कुठलाच नाही.

"पुडीवरचं गाव चुकलंय," धाकटी खलापाशी बसल्या बसल्या म्हणाली. आवाज अगदी शांत. "दगड मी आणला होता. मला माहीत आहे कुठला आहे ते. पठारावरच्या गावचा. मुकादमाचं गाव ते. आपलं गाव वाचावं म्हणून त्याने सगळ्यांना ओढ्याकाठी खणायला लावलं. त्याची आई, त्याची पोरं, सगळी तिथेच आहेत. विचारलंत तर नाहीच म्हणतील, असा दगड आमच्या गावात कधी दिसला नाही म्हणतील."

साहेब माझ्याकडे वळला. "खरं आहे का हे?"

मी धाकटीकडे बघितलं. हळूच म्हटलं, "अगं, तिथे आपली आत्या आहे."

"डोंगरावर माझी भिंगरी होती," ती म्हणाली. "लिही, ताई. माझ्यासाठी एकदा लिही."

त्या गावात साठ उंबरे आहेत. लहानपणी सुट्टीत आम्ही दोघी आत्याकडे जायचो, आणि त्या गल्लीतली निम्मी माणसं मी नावाने ओळखते. ती माणसं काय उत्तर देतील आणि त्यानंतर काय होईल, हे माझ्याइतकं त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेबाला नव्हतं. धाकटीला असेल. मी नाही म्हटलं असतं तर तिने मला पुन्हा ताई म्हटलं नसतं, आणि मला जगात दुसरं कोणी म्हणणारं नव्हतं.

मी नवी पुडी घेतली, दगड तिच्यात बांधला आणि वर लिहिलं, पठार, सत्तर. शिक्का मारला. शाई ओली होती म्हणून फुंकर घातली आणि पुडी साहेबाच्या हातात दिली.